फ्रीलँडरचं व्हिस्कस कपलिंग: नवं बसवल्यावरचा एक हिवाळा आणि एक उन्हाळा

गाडी: लँड रोव्हर फ्रीलँडर, पहिली पिढी, 2004 ची, टीडी4 डिझेल, मॅन्युअल गिअर. मुक्काम शेफिल्ड, म्हणजे दाराबाहेर चढ आणि अर्ध्या तासावर पीक डिस्ट्रिक्टचे डोंगर. मागच्या पावसाळी शरदात कपलिंग बदललं, त्यावर थंडी काढली, आता उन्हाळाही सरत आलाय.

पुण्याकडच्या मंडळींसाठी आधीच सांगते. तुमच्याकडे जुळणी होऊन विकली गेली ती फ्रीलँडर 2. तिच्यात इलेक्ट्रॉनिक हुकुमावर चालणारं हॅल्डेक्स कपलिंग आहे, त्यामुळे पुढचं काही तिला लागू नाही. 1997 ते 2006 मधल्या जुन्या फ्रीलँडरच्या व्हिस्कस कपलिंगमध्ये ना सेन्सर, ना वायर. प्रॉपशाफ्टच्या, म्हणजे मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या लांब दांड्याच्या, मधोमध एक सीलबंद डबा, आत एकाआड एक भोकांच्या आणि खाचांच्या पातळ चकत्या, निम्म्या पुढच्या शाफ्टला जोडलेल्या, निम्म्या मागच्या, आणि सगळं दाट सिलिकॉन तेलात बुडालेलं. पुढची चाकं चिखलात गरगरली की चकत्यांच्या वेगात फरक पडतो, तेल घुसळून तापतं, फुगतं, आणि जोर मागे जातो. हीच युक्ती 1985 च्या फोक्सवॅगन सिंक्रो व्हॅनमध्ये होती आणि लॅम्बोर्गिनी डियाब्लोच्या व्हीटीमध्येही. त्यातला व्ही व्हिस्कसचाच. गरीब-श्रीमंत दोघांच्या घरी चालणारी वस्तू आहे ही.

अडचण अशी की हे कपलिंग खराब होतं तेव्हा सैल पडत नाही, उलट घट्ट होतं. तेल वर्षानुवर्षं तापून दाटत जातं आणि डबा कोरड्या डांबरी रस्त्यावरही पुढची-मागची चाकं एकमेकांना बांधून ठेवतो. वळणावर चारही चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं. ते जमेना की ताण जातो पुढच्या ट्रान्सफर बॉक्सवर, ज्याला इथे सगळे आयआरडी म्हणतात, आणि मागच्या डिफवर, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणाऱ्या डिफरन्शियलवर. डब्याची किंमत काही शे पौंड. आयआरडीचे दात गेले तर खर्चाचा आकडा जुन्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो.

माझ्या गाडीचं लक्षण साधं होतं. सुपरमार्केटच्या आवारात स्टिअरिंग पूर्ण वळवून रिव्हर्स घेतली की कुणीतरी बंपर धरून ठेवल्यासारखी गाडी अडायची. शिवाय मागच्या डिफची रबरी माउंटिंग फाटलेली, गिअर टाकताना खालून ‘ठक्’. गॅरेजवाल्याचं म्हणणं, ‘जुनी गाडी आहे, चालायचंच.’ नुसत्या अंदाजावर मला पैसे घालायचे नव्हते, म्हणून घरीच मोजलं.

चाचणी अशी. गाडी सपाट जागी आणि थंड हवी, कारण सिलिकॉनची दाटी तापमानावर बदलते; नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीचं माप फसवं. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावायचे, पहिला गिअर टाकायचा, हँडब्रेक सोडायचा (तो मागच्याच चाकांवर असतो). मग मागचं एकच चाक जॅकने उचलायचं आणि खाली स्टँड द्यायचा, नुसत्या जॅकच्या भरवशावर राहायचं नाही. हबच्या मधल्या नटाला सॉकेट लावून 1.2 मीटरचा दांडा 45 अंश वर तिरका धरायचा, नट आवळला जाईल त्या बाजूला, आणि टोकाला 5 किलो वजन टांगायचं. दांडा आडवा होतो तेव्हा नटावर सुमारे 59 न्यूटन-मीटर पीळ पडतो. सुरुवातीला सांध्यांतली ढिलाई निघते, तेवढं खाली येऊ द्यायचं आणि मग घड्याळ लावायचं.

माझा दांडा हलतोय की नाही हे बघायला भिंतीवर खडूची रेघ मारावी लागली. आडवा व्हायला त्याने इतका वेळ घेतला की मधे चहा करून झाला. नवं कपलिंग बसवल्यावर त्याच दांड्याने, त्याच वजनाने, तशाच थंड सकाळी अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागलं. याउलट दांडा धपकन पडला, तर मागे जोरच जात नाही असं समजायचं.

प्रत्यक्ष बदलणं अवघड नाही, पण गैरसोयीचं आहे. डबा जड, जागा खालची, दोघं जण हवेत. शाफ्टच्या फ्लँजवर, म्हणजे बोल्टने जोडायच्या चकतीवर, रंगाच्या खुणा करून ठेवा आणि जोडताना त्या जुळवा. डब्याच्या दोन्ही अंगांना आधाराची बेअरिंग असतात, ती याच वेळी नवी घाला. जुनी ठेवून वाचवलेले पैसे ती घूंऽऽ असा आवाज करत परत मागतात. आयआरडी आणि डिफचं तेलही त्याच दिवशी बदललं. माझ्या आयआरडीच्या तेलात बारीक चकाकी होती, तुकडे नव्हते. तुकडे असते तर आधी त्याच्या दुरुस्तीचा विचार केला असता.

माझं ‘नवं’ कपलिंग रिकंडिशन्ड, म्हणजे जुनंच दुरुस्त केलेलं. तसं घेताना एकच प्रश्न विचारा: चाचणीचा आकडा काय? पहिल्या विक्रेत्याकडे चकचकीत काळा रंग होता, आकडा नव्हता. रंगाने तेल पातळ होत नाही. दुसऱ्याने कागदावर माप लिहून दिलं आणि हमीही, मी त्याच्याकडून घेतलं.

आता फरकाबद्दल. मोटरवेवर काही कळत नाही. मायलेज सुधारतं असं बरेच जण सांगतात. माझ्या नोंदींत जो फरक आहे तो हवामानानेही पडू शकतो, त्यामुळे मी त्यावर दावा करणार नाही. पार्किंगमधली अडवणूक मात्र पूर्ण गेली, स्टिअरिंग हलकं वाटतं, टायर वळणावर किंचाळत नाहीत. नव्या माउंटिंगनंतर ‘ठक्’ही बंद. दांड्याची चाचणी सावकाश फिरतानाचा विरोध सांगते, कपलिंग खरोखर पकडतं की नाही ते सांगत नाही. ते कळलं जानेवारीत, कॅसलटनजवळच्या विनॅट्स पासच्या चढावर बर्फाच्या चिखलात. पुढची चाकं क्षणभर घसरली, मग मागून ढकलल्याचं जाणवलं आणि गाडी निमूट वर गेली. तो क्षणभराचा उशीर या यंत्रणेचा स्वभाव आहे. तो खपत नसेल तर दुसरी गाडी बघा.

कपलिंगइतकेच टायर महत्त्वाचे. चारही एकाच मापाचे, शक्यतो एकाच कंपनीचे आणि सारखे झिजलेले हवेत. 215/65 आर 16 च्या टायरमध्ये नक्षीचा 3 मिलिमीटर फरक म्हणजे घेरात जवळपास एक टक्का, आणि तो डबा मैलोन्‌मैल सोसतो. दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे टाका.

गाडी बंद पडली तर दोन चाकं उचलून ओढू देऊ नका, चारही चाकं ट्रकवर चढवायला सांगा. एमओटीच्या, म्हणजे इथल्या वार्षिक वाहन तपासणीच्या, वेळी रोलरवर एकाच ॲक्सलचे ब्रेक तपासायला कुणी निघालं तर थांबवा, अशा गाडीचे ब्रेक रस्त्यावर चालवून यंत्राने मोजता येतात. आणि जुनी फ्रीलँडर विकत घेत असाल तर आधी खाली वाकून बघा: बऱ्याच मालकांनी प्रॉपशाफ्टच काढून टाकलेला असतो, जाहिरातीत मात्र ‘फोर व्हील ड्राइव्ह’ तसंच.