दारूला शून्य, तंबाखूला सूट: व्यसनमुक्ती केंद्राचा आमचा अनुभव

नाव टाकत नाही, लातूरकडचं केंद्र आहे एवढंच. आमच्या दाजींना तिथं ठेवलं होतं. पाचपैकी साडेतीन स्टार, आणि त्यातले तीन एकट्या डॉक्टरचे.

दाजींचं म्हणणं ठरलेलं, मी श्रावण पाळतो, नवरात्रात शिवत पण नाही, मग मी बेवडा कसा, देशी सोडतो अन् फक्त बिअरवर येतो की. डॉक्टरनं शांतपणे विचारलं, 'पाहुणे, श्रावण संपला की त्या दिवशी किती घेता?' दाजी गप्पच.

कमी करणं हा प्रकारच खोटा, असं डॉक्टर म्हणले नाहीत हे आवडलं. सवय नुकती लागली असेल तर काहींना मोजून पिणं जमतं, नाल्ट्रेक्झोनच्या गोळीनं तलफही कमी होते. पण ज्याचे सकाळी उठल्या उठल्या हात थरथरायलेत, घेतल्याशिवाय चहाचा कप धरता येईना, त्यानं 'एकच नायंटी' म्हणलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, त्याला शून्यच. अन् असल्या माणसाची घरी एकदम बंद करू नका, 2-3 दिवसांत झटके येतात, भास होतात, जीव पण जाऊ शकतो. दाजींना आधी बी-1 व्हिटॅमिनचं इंजेक्शन दिलं, मग बाकीचं. मावशीनं भाजीत गुपचूप घालायला गोळी मागितली तर डॉक्टरनं साफ नाही सांगितलं, कारण ती गोळी म्हणजे डायसल्फिराम, ती पोटात असताना दारू गेली की उलट्या होतात, बीपी पडतं, पेशंटला माहीत नसेल तर जिवावर बेतू शकतं.

आता दीड स्टार कुठं गेले ते सांगतो. मीटिंगमध्ये 'पूर्ण सोबर, फक्त आजचा दिवस' आणि मीटिंग सुटली की अंगणात सगळे चुन्याची डबी काढून मळायलेत, खिडकीच्या गजांवर पिचकाऱ्यांचे थर, वॉर्डबॉयसुद्धा त्यातलाच. विचारलं तर म्हणे एका वेळी एकच सोडवतो. अरे पण मग दाजींची बिअरची आयडिया अन् ही आयडिया वेगळी कशी? तोंडाच्या कॅन्सरला काय दारूच लागते का? दाजी आत गेले तेव्हा दिवसाला एक पुडी खायचे, बाहेर आले तर तीन.

जेवण साधं पण गरम, संडास स्वच्छ. भेटायला रविवारीच सोडतात. ॲडमिट करायच्या आधी कुणाशी बोलायचं असेल तर सरकारची 14446 हेल्पलाइन फुकट आहे. आणि भरती करतानाच तंबाखूचं काय ते विचारून घ्या, आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.