ई-रीडर आणि १८१० सालचा बायरन : पाच-सहा महिन्यांच्या वापरानंतर

पावसाळ्याच्या तोंडावर सहा इंची ई-रीडर घेतला, आता दिवाळी उलटल्यावर लिहितेय. बॅटरी भरपूर चालते, जुलैत लाईट गेली तरी वाचन थांबलं नाही, इचलकरंजीच्या एसटीत एका हातात धरून वाचता येतो. एवढं त्याबद्दल पुरे.

मला सांगायचंय ते टिम पॉवर्सच्या 'द अनुबिस गेट्स' (१९८३) या कादंबरीबद्दल, कारण या यंत्राचा सगळ्यात जास्त उपयोग तिथं झाला. विसाव्या शतकातला एक इंग्रजीचा प्राध्यापक १८१०च्या लंडनमध्ये जातो. कशासाठी? कोलरिज या इंग्रज कवीचं व्याख्यान ऐकायला! पुढे कवी बायरनही भेटतो. ज्याच्या कविता आपण कॉलेजात अभ्यासल्या तो माणूस पानावर चालूबोलू लागला की यातलं खरं किती, हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. निदान मला तरी नाही. कारण १८१०त बायरन लंडनमध्ये नव्हताच. तो ग्रीस-तुर्कस्तानात फिरत होता. ३ मे १८१० रोजी त्यानं हेलेस्पाँटची सामुद्रधुनी पोहून पार केली आणि त्यावर कविताही लिहिली.

कोलरिज आणि बायरन दोघांचंही लेखन प्रताधिकारमुक्त आहे, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट मिळतं. ते आधीच उतरवून ठेवलं होतं. कादंबरी बाजूला ठेवायची, बायरनची पत्रं उघडायची, १८१० हा आकडा शोधायचा आणि परत येऊन त्याच ओळीवर वाचायला लागायचं. असं करताना १८२० सालचं, प्रकाशक जॉन मरेला लिहिलेलं पत्र सापडलं. बायरनचा शाळासोबती रॉबर्ट पील, जो पुढे पंतप्रधान झाला, त्यानं १८१०त आपल्याला लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर पाहिलं म्हणे, असं बायरन लिहितो. त्या वेळी बायरन ग्रीसमधल्या पात्रास शहरात तापानं फणफणला होता! कादंबरीतला लंडनचा बायरन नेमका या फटीत बसतो. वाचून मी उठून येरझाऱ्या घालायला लागले. इतिहासाला धक्का न लावता कवीला गोष्टीत आणणं म्हणजे काय, ते त्या रात्री कळलं.

कादंबरीतला विल्यम ॲशब्लेस नावाचा कवी मात्र शोधत बसू नका. तो पॉवर्स आणि त्याचा मित्र जेम्स ब्लेलॉक यांनी कॉलेजात असताना रचलेला आहे.

तेव्हापासून डोक्यात एकच. कुणीतरी आपल्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात असंच पात्र पाठवावं, कवी माधव जूलियनांच्या तासाला. फार्शी-मराठी कोश करणारा, 'गज्जलांजली' लिहिणारा हा प्राध्यापक वर्गात कसा बोलत असेल? मराठीत हे कुणी लिहिलं तर मी पहिल्या दिवशी विकत घेईन.

पण त्यांच्यापर्यंत पोचायला हे यंत्र तोकडं पडतं. देवनागरी जोडाक्षरं नीट दिसतात, इंग्रजी शब्दावर बोट ठेवलं की अर्थ येतो, मराठी शब्दकोश मात्र माझ्या यंत्रात नाहीच. माधव जूलियनांच्या 'छंदोरचना'ची स्कॅन केलेली पीडीएफ टाकली तर लघु-गुरूच्या खुणा दिसेनात, मोठं करावं तर ओळ पडद्याबाहेर. जुन्या मराठी कवींसाठी मी अजून करवीर नगर वाचन मंदिरातच जाते. तुमचं वाचन बहुतेक स्कॅन केलेल्या मराठी पुस्तकांचं असेल, तर सहा इंची घेऊ नका, थोडे पैसे साठवून दहा इंचीच बघा.