दोन लिथियम बॅटऱ्या समांतर जोडताना बीएमएस एक की दोन?

घरच्या सोलर इन्व्हर्टरची साठवण दुप्पट करायची असेल, तर ४८ व्होल्टच्या वर्गातील लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला दुसरी तशीच बॅटरी समांतर जोडावी लागते. अशा बॅटरीत बहुधा ३.२ व्होल्टचे १६ सेल एकसर जोडलेले असतात; तिचा नाममात्र दाब ५१.२ व्होल्ट असतो, तर प्रत्येक सेल ३.६५ व्होल्टपर्यंत भरल्यास एकूण दाब ५८.४ व्होल्ट होतो. दोन्ही बॅटऱ्यांवर एकच बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे सेलवर लक्ष ठेवून गरज पडल्यास बॅटरी बंद करणारे सर्किट) ठेवायचे की प्रत्येकीला स्वतंत्र, हे ठरवताना बीएमएसला नेमके काय दिसते ते पाहावे लागते.

एकाच बीएमएसची सुरक्षित रचना म्हणजे आधी दोन-दोन सेल जाड पट्ट्यांनी समांतर जोडून जोड्या करायच्या आणि मग त्या १६ जोड्या एकसर जोडायच्या. खर्च आणि वायरिंग दोन्ही कमी होतात. मात्र बीएमएस जोडीचा दाब मोजते, सुट्या सेलचा नाही. त्यामुळे जोडीतला एक सेल कमकुवत झाला तर दुसरा त्याचा भार उचलतो आणि बिघाड बराच काळ झाकलेला राहतो. बॅलन्सिंगचा (सेलचे दाब सारखे करण्याचा) प्रवाहही दुप्पट क्षमतेला तेवढाच मिळत असल्याने, सेलमधील तेवढीच टक्केवारीची तफावत भरून निघायला दुप्पट वेळ लागतो. एकाच बॅचचे नवे सेल असतील तरच मी ही रचना स्वीकारेन.

आणखी एक मार्ग कधीकधी सुचवला जातो: दोन तयार पॅकची (म्हणजे पूर्ण बॅटऱ्यांची) मुख्य टोके जोडायची आणि त्यांच्या बॅलन्स वायर (प्रत्येक सेलपासून बीएमएसकडे जाणाऱ्या बारीक तारा) एकत्र करून एकाच बीएमएसमध्ये खोचायच्या. तो टाळावाच. बॅलन्स वायर दाब मोजण्यासाठी आणि अगदी अल्प प्रवाहासाठी असतात. दोन पॅकमधील सेलचे दाब वेगळे पडले, किंवा एका पॅकची मुख्य जोडणी सैल झाली, की जो प्रवाह जाड केबलमधून जायचा तो या बारीक तारांमधून वाहू लागतो आणि त्यांचे आवरण वितळून आग लागू शकते.

प्रत्येक पॅकला स्वतःचे बीएमएस दिल्यास प्रत्येक सेल वेगळा दिसतो आणि एक पॅक बंद पडला तरी दुसरा चालू राहतो. तोटा इथेच दडलेला आहे: ९० अँपिअरचा भार दोघांत विभागला होता, तो अचानक एकावर येतो, त्याच्या बीएमएसची मर्यादा ६० अँपिअर असेल, तर तोही लगेच बंद होतो. म्हणून प्रत्येक बीएमएस शक्यतो पूर्ण भार पेलणारे घ्यावे, नाहीतर इन्व्हर्टरची मर्यादा कमी ठेवावी. पॅक पहिल्यांदा जोडताना त्यांच्या दाबात २ व्होल्टचा फरक आणि एकूण रोध २० मिलीओम असेल, तर क्षणभर १०० अँपिअर प्रवाह एका पॅकमधून दुसऱ्यात धावेल. त्यामुळे दोन्ही आधी वेगवेगळे पूर्ण भरून, काही तास तसेच ठेवून, दाब मोजून मगच जोडावेत. प्रत्येक पॅकच्या धन टोकाजवळ डीसी फ्यूज हवाच (घरच्या बोर्डातला एसी एमसीबी इथे चालत नाही) आणि बसबारपर्यंतच्या (सगळ्या केबल एकत्र जोडणाऱ्या धातूच्या पट्टीपर्यंतच्या) केबल सारख्याच लांबीच्या हव्यात, अन्यथा जवळचा पॅक जास्त राबतो.

तयार पॅक विकत घेणाऱ्याने प्रत्येक पॅकला स्वतंत्र बीएमएसचा पर्यायच निवडावा, आणि इन्व्हर्टरशी संवाद साधणारे पॅक असल्यास प्रत्येकाचा पत्ता (ओळख क्रमांक) डिप स्विचवर, म्हणजे पॅकवरच्या छोट्या खटक्यांवर, वेगळा ठेवावा. जुना पॅक नव्यासोबत चालवायचा असेल, तर दोन बीएमएसशिवाय तो विचारही करू नये.