जुना केबल स्किडर घेताना: जॉन डिअर ४४० की टिंबरजॅक २३०?

मेन, व्हरमाँट, न्यू ब्रन्सविक किंवा ऑन्टारियोत पन्नास-शंभर एकर जंगल असलेला माणूस वापरलेला केबल स्किडर शोधायला निघाला, की फिरून फिरून दोन नावं समोर येतात: जॉन डिअर ४४० आणि टिंबरजॅकची २०० मालिका, त्यातही २३०. काम दोघांचं एकच, पाडलेलं झाड ओढून रस्त्याकडेला आणून टाकायचं. गडचिरोलीत कमलापूरचे हत्ती एके काळी जे करत, तेच इथे मधोमध मुडपणारा चारचाकी लोखंडी सांगाडा करतो. मागे विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओढणारा ड्रम, विंचवर दोर, दोरावर सरकणाऱ्या पाच-सहा चोकर साखळ्या, म्हणजे ओंडक्याला फास लावायच्या साखळ्या, आणि पुढे छोटा ब्लेड. वजन साधारण ६ ते ७ टन.

दोन्ही यंत्रं चांगली होती. आता प्रश्न चाळीस-पन्नास वर्षं जंगलात घासल्यानंतर त्यांचं काय उरलंय, आणि जे मोडेल ते दुरुस्त कोण करणार, याचा आहे. आमचं मत आधीच सांगतो: पाना स्वतः हातात धरणाऱ्यानं टिंबरजॅक घ्यावा. जवळ डिअरचा विक्रेता आणि ओळखीचा चांगला मिस्त्री असेल, तर ४४० चालवायला जास्त सुखाचा. पण एखाद्या यंत्राचा मधला जॉइंट गेलेला असेल, तर नाव कुठलंही असो, घेऊ नका.

दोघांची जडणघडण

डिअरचा ४४० हा १९६५ मध्ये आला. पुढे ४४०ए, बी, सी, डी अशा आवृत्त्या निघाल्या. बाजारात बघण्याजोग्या आहेत त्या सी आणि डी. त्यांच्यात डिअरचंच २७६ घन इंचाचं चार सिलिंडरचं डिझेल असतं. इंजिन, गिअरबॉक्स, हायड्रॉलिक्स, विंच अशी जवळजवळ सगळी जुळणी एकाच कंपनीची. त्यामुळे यंत्र घट्ट आणि आटोपशीर वाटतं, पण एक भाग बिघडला की त्याची झळ शेजारच्या भागाला लागते.

टिंबरजॅक कॅनडातल्या वुडस्टॉकचा. त्याची रीत उलटी. सांगाडा स्वतःचा, बाकी मोठे भाग त्या त्या कंपन्यांचे. इंजिन एकाचं, ॲक्सल दुसऱ्याचे, विंच बहुधा गिअरमॅटिक १९. दिसायला हे बेंगरूळ लागतं, पण दुरुस्तीला फार सोयीचं, कारण एकेक भाग सुटा काढून बाकवर घेता येतो आणि त्याचे सुटे भाग फक्त टिंबरजॅककडेच मागावे लागत नाहीत. २००० साली डिअरनं टिंबरजॅक कंपनीच विकत घेतली, त्यामुळे आज दोघांच्याही भागांसाठी डिअरच्या खिडकीवर जाता येतं. जुन्या टिंबरजॅकचं तिथे सगळं मिळेलच असं नाही. पण सील, बेअरिंग, युनिव्हर्सल जॉइंट या गोष्टी क्रमांक जुळवून बाहेरच्या दुकानातूनही भागतात.

इंजिन: इथे दोघांत खरा फरक आहे

टिंबरजॅक बघायला गेलात तर आधी इंजिनावरची पाटी वाचा. एकाच मॉडेलात वेगवेगळी इंजिनं सापडतात, आणि मधल्या मालकांनीही बदललेली असतात. जुन्या यंत्रांत सर्रास दिसतं ते डेट्रॉइट ३-५३. तीन सिलिंडर, प्रत्येकी ५३ घन इंच, टू-स्ट्रोक डिझेल, बाजूला हवा आत ढकलणारा ब्लोअर. आवाज कानठळ्या बसवणारा, पण इंजिन चिवट.

या इंजिनाची एक मोठी सोय म्हणजे हेड न काढता आत डोकावता येतं. ब्लॉकच्या बाजूची एअर बॉक्सची, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या हवेच्या पोकळीची, झाकणं खोला. लायनरमधल्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळकांड्यातल्या, खिडक्यांतून पिस्टन आणि रिंगा दिसतात. पिस्टन फिरवून रिंग खिडकीसमोर आणा आणि लाकडी काडीनं दाबा. स्प्रिंगसारखी दबून परत आली तर मोकळी आहे. दगडासारखी बसली असेल तर कार्बननं जाम झालीय. पिस्टनवर उभे ओरखडे दिसले तर इंजिन उघडावं लागणार, हे धरूनच भाव करा. झाकणाची पॅकिंग दोन बदलायला लागली तरी हा अर्धा तास सत्कारणी लागतो. विकणारा झाकण खोलू देत नसेल, तर उत्तर मिळालंच.

दुसरी खूण डिपस्टिकवर. या इंजिनात डिझेलच्या छोट्या नळ्या व्हॉल्व्ह कव्हरच्या आत असतात. त्यांचा जोड गळला की डिझेल सरळ ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ लागलं, वासाला डिझेल आलं किंवा पातळी खुणेच्या वर दिसली, तर बेअरिंगांनी किती दिवस पाण्यासारखं ऑइल प्यायलंय याचा अंदाज करा. यात ऑइल एकाच ग्रेडचं, एसएई ४० घालायचं. ट्रकचं १५डब्ल्यू-४० ओतणाऱ्या मालकाचं यंत्र जरा जास्तच बारकाईनं बघा. हेच ४० ग्रेड थंडीत गुळाच्या पाकासारखं घट्ट होतं, म्हणून इंजिन आधी गरम करणारा ब्लॉक हीटर चालू आहे का तेही तपासा.

आणि तिसरी गोष्ट धोक्याची आहे. इंजेक्टरची रॅक, म्हणजे डिझेलचं प्रमाण ठरवणारी दांडी, अडकली किंवा ब्लोअरच्या सीलमधून ऑइल आत गेलं, तर हे इंजिन सुसाट सुटतं आणि चावी बंद करून थांबत नाही. त्यासाठी हवेच्या वाटेवर एक आपत्कालीन झडप असते. ती जागेवर आहे का आणि हातानं पूर्ण बंद होते का, हे इंजिन सुरू करण्याआधी बघा, नंतर नव्हे. मात्र रोज इंजिन बंद करायला तीच ओढत असतील तर ब्लोअरचे सील त्यामुळेच खराब होतात.

नंतरच्या टिंबरजॅकमध्ये कमिन्सचं बी मालिकेचं इंजिन मिळतं. आपल्याकडच्या लोकांना हे घराणं नवं नाही. जमशेदपूरला टाटा कमिन्सनं टाटाच्या ट्रकांसाठी याचीच सहा सिलिंडरची आवृत्ती बनवली. असं यंत्र मिळालं तर जरा जास्त पैसे मोजायला हरकत नाही. फक्त पुढच्या गिअर केसमधली डॉवेल पिन, म्हणजे भाग जागेवर बसवणारी छोटी खुंटी, हलून गिअरमध्ये पडण्याचा या इंजिनाचा जुना दोष आहे. पुढचं कव्हर काढून पिनवर पट्टी बसवली की प्रश्न मिटतो. ते काम झालंय का, विचारा.

डिअरचं २७६ इंजिन त्या मानानं शांत आणि डिझेल कमी पिणारं. ताकद सत्तर अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे डेट्रॉइटपेक्षा कमी. पण छोट्या जंगलात तेवढी पुरते. याची दुखणी दोन. लायनर वेट प्रकारचे आहेत, म्हणजे कूलंट त्यांना थेट लागतं. नुसतं पाणी घालून चालवलेल्या इंजिनात लायनरला बाहेरून बारीक खड्डे पडत जातात आणि एक दिवस पाणी ऑइलमध्ये येतं. यंत्र रात्रभर उभं असताना सकाळी, सुरू न करता, ऑइल पॅनचा बोल्ट जरासा सैल करा. पाणी तळाशी बसतं, त्यामुळे आधी तेच टपकेल.

दुसरं दुखणं रोटरी डिझेल पंपाचं. आत गव्हर्नरला, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणाऱ्या भागाला, धरून ठेवणारी लवचीक रिंग वयानं कुजते आणि तिचा काळा भुगा होतो. इंजिन एका जागी उभं राहून वर-खाली हेलकावे घेत असेल, तर पंपाच्या परतीच्या नळीचा जोड उघडून बघा. काळे कण दिसले की रिंग गेली. पंप काढून नव्या प्रकारची रिंग बसवून घेतली की पुन्हा तो त्रास नाही. हा दोष दाखवून भाव पाडता येतो, आणि दुरुस्ती आवाक्यातली आहे.

हायड्रॉलिक्स

टिंबरजॅकमध्ये साधा गिअर पंप, ओपन सेंटर, म्हणजे काम नसताना ऑइल नुसतं फिरून टाकीत परत येतं. पंप गेला तर तसाच दुसरा बसवा, विषय संपला. डिअरमध्ये क्लोज्ड सेंटर पद्धत, म्हणजे दाब कायम तयार ठेवलेला, आणि पिस्टन पंप. स्टिअरिंग झटकन उत्तर देतं, ब्लेड आणि स्टिअरिंग एकत्र चालवताना ओढाताण होत नाही. पण कुठल्याही एका सिलिंडरची किंवा व्हॉल्व्हची आतल्या आत गळती असली, तरी पंप सतत राबत राहतो, तापतो आणि झिजतो. त्या पंपाची दुरुस्ती गिअर पंपाच्या मानानं कितीतरी महाग. म्हणून ४४० तापवून बघा: अर्धा तास चालवल्यावर स्टिअरिंग जड किंवा मंद होत असेल आणि काहीच न हलवता पंप कण्हत असेल, तर गळती शोधल्याशिवाय सौदा करू नका. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी नेमकं कुठवर पोचलंय, गिअरबॉक्सपर्यंत का, तेही बघा.

मधला जॉइंट

स्किडर मधोमध वर आणि खाली अशा दोन पिनांवर मुडपतो. ओझ्याचा सगळा हिसका तिथेच बसतो. विकायच्या आदल्या दिवशी तिथे ग्रीस कोंबून खेळ लपवायची पद्धत सगळीकडे आहे, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. दोन्ही अर्ध्या सांगाड्यांवरून सलग जाईल अशी खडूची रेघ पिनेजवळ ओढा. लांब उभे राहा, आणि चालकाला ब्लेड जमिनीत रोवून पुढची चाकं उचलायला आणि परत सोडायला सांगा. रेघ तुटून दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसतील. केसाएवढा फरक चालतो. ३ मिलिमीटरच्या पुढे गेला तर बेअरिंग किंवा बुश संपलेत.

इथपर्यंत ठीक, बेअरिंग बदलता येतात. टेपर बेअरिंग असतील तर काही वेळा शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, काढूनही खेळ जातो. खरा खर्च त्याच्या पुढे आहे. ढिल्या पिनेवर वर्षानुवर्षं ओढलं की सांगाड्याचे कानच लंबगोल होतात. मग सांगाडा सुटा करायचा, भोकं वेल्डिंगनं भरायची, वरचं-खालचं भोक एका रेषेत परत बोअर करायचं. हे काम करणारा माणूस यंत्र घेऊन जंगलात येतो आणि त्याचं बिल यंत्राच्या किमतीशी स्पर्धा करतं. कानांभोवती जुनी वेल्डिंग, जाड पट्ट्या किंवा ताजा रंग दिसला तर परत फिरा.

दोन सांगाड्यांच्या मध्ये हात घालण्याआधी लॉकिंग बार लावा. बऱ्याच जुन्या यंत्रांत तो हरवलेला असतो. नसेल तर इंजिन चालू असताना त्या खाचेत कोणी जायचं नाही.

विंच आणि डिफरन्शियल

विंच दोघांची सारखीच तपासा. दोर एखाद्या दणकट बुंध्याला बांधा, ताण द्या, लिव्हर सोडा आणि ड्रमवर खडूची खूण करा. खूण सरकली तर ब्रेक बँड झिजलाय. ओढताना क्लच घसरत असेल तर गिअरमॅटिकमध्ये बहुधा आतले सील गेलेले असतात, क्लच प्लेटा नंतर. सीलचं काम घरी होतं. डिअरच्या विंचचे भाग मिळतात, पण मोजक्या ठिकाणी आणि विंच बाहेर काढायलाही जास्त खटाटोप.

डिफरन्शियलचं, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या भागाचं, एक गुपित बघून घ्या. चिखलात चाक फिरू नये म्हणून काहींनी आतले गिअर सरळ वेल्ड करून टाकलेले असतात. ब्लेड टेकवा, पुढच्या चाकांना उटी लावा, मागची दोन्ही चाकं जॅकवर घ्या, इंजिन बंद ठेवा. पुढची चाकं जमिनीवर असल्यानं शाफ्ट धरलेला राहतो. आता मागचं एक चाक हातानं फिरवा. दुसरं उलट फिरलं तर सगळं शाबूत. दोन्ही हटत नसतील तर मागचा डिफ लॉक आहे, वेल्डिंगनं किंवा तशा बनावटीनं. कुठल्या, ते विचारा. वेल्ड केलेला डिफ वळणावर टायर खातो आणि कधीतरी ॲक्सल शाफ्ट तोडतो.

टायर आणि बाकीचं

२३.१-२६ आणि १८.४-३४ हे नेहमीचे माप. बाजूवर एलएस-२ लिहिलेलं असावं, म्हणजे लाकूडतोडीसाठी बनवलेलं टायर. शेतीचं आर-१ टायर खुंटाला घासलं की बाजूनं फाटतं. चार नवे टायर घ्यायचे तर स्वस्तातल्या यंत्राइतकाच पैसा जाऊ शकतो, म्हणून टायर आधी मोजा आणि मग यंत्राचा भाव बोला. आत कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भरलं असेल तर व्हॉल्व्हभोवती रिम गंजलाय का बघा.

पोटाखालची पत्रं उतरवायला लावा. वर ऑइलात भिजलेला पालापाचोळा साचलेला असतो, आणि स्किडर पेटायचं ते एक मोठं कारण. चालकावरच्या संरक्षक चौकटीला भोकं पाडलेली किंवा जोडकाम केलेलं असेल तर ती चौकट असून नसल्यासारखी. पाठीमागची जाळी तुटलेली असेल तर दोर तुटण्याच्या दिवसाची वाट न बघता पहिल्याच आठवड्यात बसवा.

वर्षाला पंधरा-वीस झाडंच ओढायची असतील, तर यातलं काहीच घेऊ नका. शेताच्या ट्रॅक्टरला मागे पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर, चालणारी विंच लावली की काम भागतं आणि बाकीचं वर्षभर ट्रॅक्टर इतर कामाला येतो. उताराची, दगडाळ जमीन आणि जाड लाकूड असेल तिथेच स्किडरला पर्याय नाही.

सारख्याच अवस्थेतले दोन समोर असले, एक ४४०सी आणि एक डेट्रॉइटवाला २३०, तर आम्ही २३० ची एअर बॉक्सची झाकणं आधी उघडू. रिंगा मोकळ्या निघाल्या तर तोच. जाम निघाल्या तर ४४०, पण पंप तापवून बघितल्यावरच. आणि खरेदीच्या रकमेच्या निम्मे पैसे पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीला बाजूला ठेवता येत नसतील, तर एक पायरी स्वस्तातलं यंत्र बघा. चेन, जुने चोकर, सुटा पंप, मॅन्युअल असं जे काही विकणाऱ्याच्या शेडमध्ये पडलंय, ते पैसे मोजण्याआधीच सौद्यात मागून घ्या; नंतर प्रत्येकाची वेगळी किंमत लागते.