पहिला घोट की तिसरा? महागड्या गोड वाइनचे नमुने चाखताना

मामा निफाडहून लंडनला आले ते सप्टेंबरात, बागेची छाटणी अजून बाकी होती तेव्हा. शनिवारी त्यांना घेऊन इथल्या एका खाद्यजत्रेला गेले. चीज, मध, चॉकलेट, भाजलेलं डुक्कर असा सगळा पसारा, आणि टोकाच्या पांढऱ्या तंबूत नुसत्या गोड वाइन. जेवणानंतर लहान पेल्यातून घेतात त्या. २५ मिलीचा एक नमुना, दर ४ पौंडांपासून २२ पौंडांपर्यंत. माझ्या डोक्यात हिशोब ४० पौंडांचा होता.

अशा तंबूपुढे जो कोणी उभा राहतो त्याला हाच पेच पडतो. एका नामांकित घोटावर निम्मे पैसे घालवायचे, की पाच-सहा वेगवेगळे चाखायचे, की नमुन्यांच्या भानगडीत न पडता तेवढ्यात एक अर्धी बाटली उचलून घरी जायचं? मी गेली काही वर्षं हे तिन्ही करून पाहिलंय. माझं मत शेवटी सांगेनच, पण त्याआधी नमुना कसा फसवतो ते बघा.

२५ मिली म्हणजे चहाचे पाच चमचे. त्यात नीट घेतले तर तीन घोट होतात. पहिल्या घोटाला जी सगळ्यात गोड तीच जिंकते, हे ठरलेलंच. जीभ कोरडी असते, गर्दीत उभं राहून दमलेले असतो, साखर लागली की बरं वाटतं. दुसऱ्या घोटाला वास कळायला लागतो. तिसऱ्याला खरी परीक्षा: अजून हवीशी वाटते, की पेला खाली ठेवावासा वाटतो? हे ठरवतो तो आंबटपणा. साखरेचं पाणी कोणी दोन पेले पीत नाही, लिंबाचं सरबत पितो. लोक पहिल्या घोटावर बाटली घेतात, आणि घरी ती तीन महिने फ्रिजच्या दारात उभी राहते.

आता एकेक.

आइसवाइन. कॅनडाची, ओंटारिओतली. मामांना आधी हीच हवी होती, कारण बाटली सडपातळ आणि देखणी. द्राक्षं वेलीवरच ठेवतात, पारा उणे ८ अंशांपर्यंत किंवा त्याखाली उतरेपर्यंत थांबतात, मग बहुधा रात्रीच तोडून गोठलेलीच पिळतात. पाणी बर्फ होऊन मागे राहतं, पाकासारखा रस तेवढा बाहेर येतो. मामा ऐकतच राहिले. "आम्ही पारा पाच-सहावर आला की रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसतो, आणि ही माणसं थंडीची वाट बघतात?" मग त्यांनी नेमका प्रश्न विचारला: तोडताना शुगर किती? मी सांगितलं, नियमानं किमान ३५ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप). त्यांचा निर्यातीचा माल अठराच्या आसपास निघतो. त्यांनी पेल्याकडे जरा आदरानं पाहिलं.

इथे दोन होत्या, विडाल द्राक्षाची आणि रीसलिंगची. विडाल म्हणजे पिकलेला आंबा, लिची, मुरांबा. पहिल्या घोटाला तंबूतली सगळ्यात आवडती हीच असणार, पैज लावते. ओंटारिओची आइसवाइन जगाला कळली तीही विडालचीच: इनिस्किलिन या तिथल्या वाइनरीच्या १९८९ सालच्या विडालला १९९१ मध्ये फ्रान्समधल्या विनएक्स्पो या वाइन-प्रदर्शनात मोठं पारितोषिक मिळालं. पण तिसऱ्या घोटाला मामांनी पेला माझ्याकडे सरकवला. रीसलिंगची धार वेगळी. गोडवा तेवढाच, पण मागून लिंबाच्या सालीसारखा आंबटपणा येतो आणि तोंड पुन्हा मोकळं होतं. एकच घ्यायची असेल तर रीसलिंग घ्या. टोरांटोकडे राहणाऱ्यांनी मात्र लंडनच्या दरात हिचा नमुना घेऊ नये. तुमच्याकडे नायगाराला जानेवारीत आइसवाइनचा उत्सवच असतो, तिथे कॅबर्ने फ्रांक या काळ्या द्राक्षाची लालसर आइसवाइनसुद्धा चाखायला मिळते.

सोतर्न. फ्रान्समधल्या बोर्दोच्या दक्षिणेची. इथे मामांशी वाद झाला. ही वाइन बुरशी लागलेल्या द्राक्षांची असते. सिरों नावाची गार पाण्याची छोटी नदी कोमट गारोनला मिळते, त्यामुळे शरदात सकाळी धुकं धरतं. धुक्यात बोट्रायटिस ही बुरशी मण्यावर बसते, दुपारच्या उन्हात हवा कोरडी होते, आणि सालीला पडलेल्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी उडून मणी सुकतो. हवा दिवसभर ओली राहिली तर तीच बुरशी अख्खा घड सडवते. निफाडकरांना हे दुसरं रूपच माहीत. स्टॉलवरच्या मुलीनं त्या घडांचा फोटो दाखवला. करडे, केसाळ, आक्रसलेले मणी. मामा मराठीत म्हणाले, "असा घड दिसला तर मी त्याच दिवशी मजूर लावून काढून फेकतो. हिला सांग." मी सांगितलं. ती हसून म्हणाली, तेही मजूर लावतात, फक्त फेकत नाहीत. एकेका ओळीतून पुन्हा पुन्हा फिरून जेवढं लागलंय तेवढंच वेचतात. दर चढतो तो इथे.

आणि दराचा कळस म्हणजे शातो दीकेम या सोतर्नमधल्या बागेची वाइन. बोर्दोच्या वाइनच्या १८५५ च्या प्रतवारीत सोतर्नमध्ये सगळ्यांच्या वरची अशी वेगळी पायरी एकट्या याला दिली गेली. एका वेलीमागे साधारण एक पेला वाइन निघते, आणि वर्ष मनासारखं गेलं नाही तर त्या नावानं बाटलीच काढत नाहीत. २०१२ ची काढली नाही. तंबूतला २२ पौंडांचा घोट तो हाच. बूच न उघडता, त्यातून बारीक सुई घालून आर्गॉन वायूच्या दाबानं ओतत होते, म्हणजे राहिलेल्या वाइनला हवा लागत नाही. हे यंत्र आलं म्हणून अशा बाटल्या घोटाघोटानं विकता येतात. आम्ही दोघांत एक घेतला, आणि शेजारी साध्या सोतर्नचा ५ पौंडांचा.

खरं सांगते, जिभेवर असेपर्यंत फरक १७ पौंडांचा नव्हता. दोन्हीत मध, जर्दाळू, संत्र्याची साल, किंचित केशर. फरक पडला गिळल्यावर. साधी सोतर्न छान होती आणि संपली. दीकेमची चव संपेना. आम्ही शेजारच्या चीजच्या तंबूत गेलो, रांगेत उभे राहिलो, मामांनी दुकानदाराशी खुणांनी घासाघीस करून पाहिली (जमलं नाही), तरी ती तोंडात होतीच, आणि बदलत होती: आधी केशर, मग भाजलेल्या बदामासारखं काहीतरी. शिवाय गोड असून चिकटली नाही. तेवढ्यासाठी माणशी ११ पौंड जास्त झाले का? बाटली ३०० पौंडांच्या वर जाते, ती मी आयुष्यात घेणार नाही. मग नमुन्याचे पैसे घालायचे तर इथेच घालावेत. घरासाठी मात्र साध्या सोतर्नची अर्धी बाटली, १५-२० पौंडांची. पाहुण्यांना ती भरपूर आवडते.

टोकाय. हंगेरीची, आणि माझा पक्षपात इथे आहे, आधीच सांगून टाकते. बुरशी तीच, पण रीत वेगळी. सुकलेले मणी, त्यांना असू म्हणतात, वेगळे वेचून ठेवतात आणि नंतर रसात किंवा वाइनमध्ये भिजत घालतात. पूर्वी १३६ लिटरच्या पिंपात असूचे किती डबे ओतले त्यावर गोडी मोजायचे. त्या डब्याला पुट्टोनी म्हणतात. २०१३ पासून असू वाइनसाठी किमान पाच पुट्टोनीची गोडी लागते, म्हणजे लिटरला १२० ग्रॅम साखर. सहाची १५० च्या वर. आकडा मोठा वाटतो, पण फुर्मिंट द्राक्षाचा आंबटपणा असा कडक की साखर जाणवते तरी त्रास देत नाही. चवीला जर्दाळूची चटणी म्हणा, आंबट-गोड आमरस म्हणा. तिसरा घोट पहिल्यापेक्षा चांगला लागला अशी तंबूत ही एकच. मामांनी पेला उलटा धरून शेवटचा थेंब घेतला, तेव्हाच मी ओळखलं.

टोकायमध्येच एसेन्सिया नावाचा प्रकार असतो. असूच्या ढिगाखाली आपल्याच वजनानं जो रस झिरपतो तो. लिटरला ४५० ग्रॅमच्या वर साखर, मद्य अगदी नावाला, आणि देतात चमच्यानं. तिथे एक चमचा १५ पौंडांना होता. एकदा घेतलाय मी, मागे कधीतरी. कमालीचा आहे. पण सांगायला मजेचा, प्यायला नाही. पैसे मोजके असतील तर सोडा.

पेद्रो हिमेनेस. स्पेनची काळी, दाट शेरी. द्राक्षं उन्हात चटयांवर वाळवून बेदाण्याच्या वळणावर नेतात आणि मग पिळतात. मामांचे साडू तासगावचे, बेदाण्याची शेड असलेले. पहिल्या घोटालाच मामा म्हणाले, "ही बेदाण्याची काकवी आहे." याहून चांगलं वर्णन मी कुठे वाचलं नाही. साखर लिटरला ४०० ग्रॅमच्या आसपास जाते, म्हणजे कोकाकोलाच्या जवळजवळ चौपट. नमुना सगळ्यात स्वस्त, ४ पौंड, तरी घेऊ नका. अख्खी बाटली स्वस्तात मिळते, उघडल्यावर महिनाभर सहज टिकते, आणि तिची खरी जागा व्हॅनिला आइस्क्रीमवर आहे. घेतलीच तर सर्वांत शेवटी. हिच्यानंतर जिभेला दुसरं काही कळत नाही.

पोर्टबद्दल एवढंच: गोव्याहून येताना आणतो ती 'पोर्ट वाइन' डोळ्यांपुढे ठेवून पोर्तुगालच्या वीस वर्षांच्या टॉनीला (लाकडी पिंपात मुरवलेल्या पोर्टला) नाही म्हणू नका. नावापलीकडे दोघींत फारसं साम्य नाही. पण ती इतरत्रही सहज मिळते, जत्रेतले पैसे तिच्यावर कशाला.

आणि नाशिक? तंबूत नव्हती, पण मामांनी विचारलंच. सुलाची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लां मी तिथे जाऊन प्यायले आहे. वेलीवर जास्त दिवस ठेवलेल्या द्राक्षांची, अननस आणि मधाच्या अंगानं जाणारी. टोकायची धार तिच्यात नाही, तशी अपेक्षाही धरू नये. पण महाराष्ट्रात राहून गोड वाइन आपल्याला मानवते का हे बघायचं असेल, तर आयात शुल्क भरलेल्या सोतर्नपासून सुरुवात करण्यात काही शहाणपणा नाही. आधी हिची अर्धी बाटली, नीट गार करून.

गार करण्यावरून आठवलं. दोन वर्षांपूर्वी अशाच एका जत्रेत मी १२ पौंड देऊन एक जुनी सोतर्न घेतली होती. बाटली बर्फाच्या बादलीत पहाटेपासून बुडालेली, वर प्लास्टिकचा अंगठ्याएवढा पेला. वास शून्य, चव पेपरमिंटशिवाय कशाचीच नाही. पेला मुठीत धरून दहा मिनिटं उभी राहिले तेव्हा कुठे ती बोलायला लागली, आणि तोवर मागच्या माणसानं धक्का देऊन निम्मी सांडली. तेव्हापासून मी पिशवीत काचेचा लहान पेला नेते. फार गार असेल तर थांबा, तंबूत तापून कोमट झाली असेल तर पैसे देण्याआधी बर्फात ठेवायला सांगा. बाटली कधी उघडली हे विचारायला लाजू नका.

सोबत काय खायचं? स्टॉलवाले निळं चीज पुढे करतात, सोतर्नबरोबर ते खरंच जमतं. मामींनी मामांबरोबर तिखटमिठाच्या पुऱ्या पाठवल्या होत्या. टोकाय आणि ती पुरी हा जोड मी आता दरवर्षी करणार आहे. केक, चॉकलेट मात्र लांब ठेवा. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन आंबट आणि पातळ लागते. गुलाबजामापुढे तर यातली एकही टिकणार नाही.

तर माझा हिशोब असा झाला. दीकेमचा एक घोट दोघांत २२, टोकाय ६, रीसलिंग आइसवाइन ७, साधी सोतर्न ५. बरोबर ४०. विडाल आणि पेद्रो हिमेनेस त्या मुलीनं फुकटच चाखायला दिल्या. एकटे जाणार असाल आणि दीकेमचे २२ जड वाटत असतील, तर त्याऐवजी टोकायच्या पाच आणि सहा पुट्टोनी शेजारी शेजारी घ्या, शिकायला जास्त मिळेल. जोडीनं जाणार असाल तर दीकेम वाटून घ्याच. आणि चाखण्यात रस नसून घरी एक बाटली हवी एवढंच असेल, तर जत्रेचं तिकीटही काढू नका. टोकाय पाच पुट्टोनीची अर्ध्या लिटरची बाटली दुकानातून ३० पौंडांच्या आसपास मिळते. उघडल्यावर फ्रिजमध्ये आठवडाभर चांगली राहते.

भारतात नेणार असाल तर माणशी दोन लिटरपर्यंत शुल्क लागत नाही. म्हणजे टोकायच्या चार बाटल्या, किंवा आइसवाइनच्या ३७५ मिलीच्या पाच. मामांनी टोकायच्या दोन नेल्या, मामींसाठी घेतलेल्या स्वेटरांत गुंडाळून, चेक-इनच्या बॅगेत.

जानेवारीत त्यांचा फोन आला. निफाडला पारा खाली आला होता, बागेत शेकोट्या पेटवून चौघे जण बसले होते, आणि एक बाटली स्टीलच्या पेल्यांतून फिरत होती. शेजारच्या अण्णांनी विचारलं म्हणे, कशाची केली आहे. मामांनी सांगितलं, सडक्या द्राक्षांची. अण्णांनी तोवर पेला पुन्हा पुढे केला होता.