वाघोलीत राहून वाघोलीचाच दगड अकरा हजारांना

मी राहते पुण्याजवळच्या वाघोलीत, आणि वाघोलीच्याच खाणीतला दगड अकरा हजार मोजून घेऊन आले. आधी हसून घ्या, मग पुढचं वाचा.

दगडाचं नाव कॅव्हन्साइट. स्टिलबाइट नावाच्या पांढऱ्या खनिजावर बसलेले स्फटिकांचे गडद निळे, काटेरी गोंडे. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकेट यांवरून हे नाव पडलं. पहिल्यांदा सापडला अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये, 1960 च्या दशकात. पण संग्राहक जीव टाकतात तो आपल्या नगर रस्त्याकडच्या खाणींतल्या नमुन्यांवर. विकणाऱ्याने सांगितलेलं हे सगळं खरंच होतं, म्हणून तर मी फसले.

प्रदर्शनात स्टॉल होता. माझी अर्धशिशी बारा वर्षांची. "ताई, हा आज्ञाचक्राचा खडा. उशाशी ठेवा, औषधं आपोआप सुटतील." मी आपोआपची वाट न बघता स्वतःच सोडली. (मूर्खपणा माझाच.) नवव्या दिवशी असं डोकं उठलं, की खोलीत अंधार करून, बादली जवळ घेऊन पडून होते.

फोन केला, तर म्हणाला, "शुद्धीकरण राहिलं असेल. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा."

ठेवला. सकाळी वाडग्यातलं पाणी दुधाळ, आणि पाचांतले तीन गोंडे तळाशी! त्यांच्या जागी दगडावर पांढरा, बुळबुळीत थर. नखाने खरवडला आणि मुलाच्या शाळेतलं हस्तकलेचं सामान आठवलं.

भाचा भूगर्भशास्त्र शिकतो. त्याने भिंग लावलं, मग अल्ट्राव्हायलेट टॉर्च मारून बघितलं. उरलेल्या दोन गोंड्यांच्या बुडाशीही डिंकाची कड निळसर चमकली. "मावशी, गोंडे खरे, दगडही खरा. दोघांचं लग्न तेवढं कुणीतरी डिंकाने लावलंय." सुटे गोंडे स्वस्त, दगडावरचे महाग, एवढंच त्यातलं गणित. खऱ्या नमुन्यात गोंडा बुडाशी दगडातच रुजलेला दिसतो, असं तो म्हणाला. अंगठीत घालायला तर हा खडा घेऊच नका. काठिण्य दहापैकी जेमतेम तीन-चार, सुईनेही ओरखडा उठतो.

बिल मी घेतलं नव्हतं. पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट आहे, तोच घेऊन ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. डॉक्टरांनी झापून औषधं पुन्हा सुरू केलीत.

आणि विकणारा? शेवटच्या फोनवर म्हणाला, "अहो ताई, तुमचं दुखणं खड्याने स्वतःवर घेतलं, म्हणून तर तो सुटला!"