मागची डोकी : मारिओ मिरांडांची बाजाराची प्रिंट

शाळकरी मुलांच्या एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो. बसथांबा, भाजीबाजार, सण असे नेहमीचे विषय. मुलं पुढची दोन-तीन माणसं मन लावून काढतात आणि मागच्या गर्दीला नुसती अंडाकृती डोकी, सगळी एका मापाची. मी सावंतवाडी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. या मागच्या डोक्यांवर मी वर्षानुवर्षं बोलत आलेय. वर्गात लावायला हवं होतं तसं चित्र मला गोव्यात पर्वरीच्या मारिओ गॅलरीत मिळालं, व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांचं.

गॅलरी तोर्ड्याला, 'हाऊसेस ऑफ गोवा' संग्रहालयाजवळ आहे. रस्त्याच्या मधोमध जहाजासारखी उभी असलेली इमारत दिसली की पोचलात. संग्रहालय आणि गॅलरी, दोन्हींमागे वास्तुविशारद जेरार्ड दा कुन्हा आहेत. मारिओंची विखुरलेली चित्रं जमवून त्यांनी त्यांचा जाडजूड ग्रंथही काढला. दुकानात प्रिंट्स वेगवेगळ्या आकारांत आहेत, शिवाय टाइल्स, मग, टी-शर्ट. वेळ हातात ठेवून जा, कारण एकेका चित्रापुढून पाय निघत नाही.

मी घेतली ती बाजाराची, काळ्या शाईच्या रेघांची. मासळीवाली कमरेवर हात ठेवून भाव सांगतेय. गिऱ्हाईक बाईने मासा नाकाशी धरलाय, पण नजर शेजारणीच्या टोपलीत. मागे काखेत छत्री मारलेले पाद्री, कुणाचं तरी गाऱ्हाणं ऐकताहेत आणि ऐकता ऐकता केळी निवडताहेत. एक मिशीवाला बसल्या जागी पेंगलाय. कुत्र्याचं लक्ष टोपलीवर, कावळ्याचं कुत्र्यावर. बाजारात आपण हवी ती वस्तू आधी हातात घेत नाही, नको असलेलीचा भाव विचारत राहतो. ही खोड त्या बाईच्या मानेच्या एका वळणात आहे. गर्दी भरून काढायला म्हणून टाकलेला माणूस त्या कागदावर सापडत नाही. अगदी कोपऱ्यात, निम्मा चौकटीबाहेर गेलेला, तोही कुठल्या तरी कामाला निघालेला आहे.

वर्गात चित्र लावल्यावर सातवीतला एक मुलगा पुढे येऊन म्हणाला, "बाई, माजी आजी पण अशीच वास घेवन बगता." मग प्रत्येकाला आपापल्या घरचं कोणीतरी सापडायला लागलं. तो तास त्यातच गेला, आणि तो कारणी लागला असं माझं ठाम मत आहे.

रेघेबद्दल थोडं. शेजारी शेजारी उभी असलेली माणसं वेगळी दिसावीत म्हणून मुलं पेन्सिलीने छटा घासत बसतात आणि कागद मळवतात. मारिओ इथे छटेच्या वाटेला जातच नाहीत. एकीला ठिपक्यांचा फ्रॉक, दुसऱ्याला पट्ट्यांचा शर्ट, तिसऱ्याचा झगा भरीव काळा, मागे कौलांच्या ओळी. एवढ्यावर अख्खा बाजार सुटा सुटा वाचता येतो. हा माणूस इतिहास घेऊन मुंबईच्या सेंट झेवियर्समधून बी.ए. झालेला. १९२६ साली दमणला जन्म, घर गोव्यातल्या लोटलीचं. लहानपणी भिंतींवर चित्रं काढायचे म्हणून आईने कोरी वही दिली, आणि पुढे रोज पाहिलेली माणसं चित्रांच्या डायरीत उतरत गेली. २०११ साली ते गेले, पुढच्या वर्षी मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. मला ती वही पद्मविभूषणापेक्षा मोठी वाटते, म्हणून पालकसभेत तिच्याबद्दल आवर्जून सांगते.

सगळंच घ्यावं असं मात्र नाही. मिस फोन्सेका आणि मिस निंबूपानी ही त्यांची गाजलेली पात्रं. पण बाईच्या अंगकाठीवर बेतलेला तो विनोद मला पटत नाही आणि शाळेच्या भिंतीवर मी तो लावणार नाही. गावातली चित्रं घ्या: बाजार, ताव्हेर्न म्हणजे गावातला दारूचा अड्डा, लग्न, वादक. तिथे बायका-पुरुष सगळे सारखेच बेरकी आणि सारखेच भाबडे आहेत.

आकार परवडेल तेवढा मोठा घ्या. गर्दीचं चित्र लहान केलं की बारीक रेघा एकमेकींत मिसळतात आणि मजा कोपऱ्यांतच असते. मगावर एकटं पात्र शोभतं, बाजार नाही. फ्रेम करताना माउंट, म्हणजे चित्राभोवती पुठ्ठ्याची पट्टी, घालायला सांगा, म्हणजे काच कागदाला चिकटत नाही. आमच्या कोकणातल्या पावसाळ्यात चिकटलेल्या कागदावर बुरशीचे डाग ठरलेले. ओल येणाऱ्या भिंतीवर तर लावूच नका. आणि मुलांसाठी लावत असाल तर खिळा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला ठोका.

पुढच्या खेपेला बँडवाल्यांचं चित्र आणायचं आहे. वाजवणाऱ्याचे गाल फुगतात तेव्हा भुवया कुठे जातात, हे नववीला दाखवायचंय.